निकालाची रिकामी जागा

मित्रांनो, माझ्या कळांवरची अक्षरंसुद्धा बोटांनी पुसून गेली आहेत, इतका मी जुना संगणक आहे. डोंगरातल्या पाइन फोर्क गावी, राज्य पोलिसांच्या कचेरीत, दारालगत माझं टेबल आहे. कुणीही यावं, कुणाचंही नाव टाकावं; त्याच्यावरचे गुन्हे मी दाखवतो. लोकांपासून काही लपून राहू नये म्हणून मला इथे बसवलं. पहिल्या दिवशी टाळ्या वाजल्या होत्या.

घर भाड्याने द्यायचं असो, की चर्चच्या सहलीला गाडी चालवायला कुणी हवा असो, गाव आधी माझ्याकडे येतं.

शाळेच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख डॉटी स्टॅम्पर मैत्रिणीला घेऊन आल्या.

"व्हर्लीन हॅचर. बिस्किटं काय सुरेख करते गं! सोमवारपासून कामावर घेतेय तिला."

"आधी याला विचार, मग खा बिस्किटं."

मी दाखवलं:

व्हर्लीन हॅचर
अटक: दुकानात चोरी
निकाल:

पुढे काहीच नाही.

कोठडीतून अटकेची नोंद त्याच दिवशी येते. निकाल कोर्टाने पाठवायचा असतो, आणि तो राहून जातो. व्हर्लीन केव्हाच निर्दोष सुटली होती. मला कुणी कळवलं नव्हतं.

"अगं बाई!" डॉटी म्हणाल्या. "नको गं, मुलांची शाळा आहे."

माझ्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याचीच जास्त लाज वाटते.

डॉटींनी फोनवर व्हर्लीनला नकार कळवला, कारणही सांगितलं. ती तडक कचेरीत आली आणि आपण निर्दोष सुटल्याचं सांगू लागली.

"बाई, तुमचं खरं आहे हो," खिडकीतला कारकून हार्लन म्हणाला. "पण निकाल कोर्टाकडूनच यावा लागतो."

"मग मी काय करू? तुमच्या या डब्यावर हात ठेवून शपथ घेऊ?"

तिने कोर्टात खेटे घातले. शेवटी नोंद आली. व्हर्लीनने माझ्यापुढे बसून स्वतःचंच नाव टाकलं.

निकाल: निर्दोष

"बघ मेल्या," ती हळूच म्हणाली, "आता सांग सगळ्यांना."

कुणाला सांगू? स्वयंपाकघरात दुसरी बाई लागली होती. डॉटी परत आल्या नाहीत. एकदा पाहिलेलं नाव पुन्हा कोण शोधतं?

मित्रांनो, माझ्यापुढे कधी बसलात आणि निकालाची जागा रिकामी दिसली, तर ती मनाने भरू नका. उठा, त्या माणसाचं दार वाजवा, त्याला विचारा. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.