सोललेल्या बिया

रंभाने लिंबाच्या बियांची वाटी नवऱ्याच्या, राघोच्या पुढ्यात ठेवली आणि त्याचा डावा हात धरून बाजूला केला.

“उजव्यानं सोला.”

“काय?”

“बिया. साल काढून लावल्या की लवकर रुजतात.”

राघोने तोंड फिरवलं. अर्धांगाचा झटका आल्याला चार महिने झाले होते. पाय सावरला होता, पण उजवा हात मेल्यासारखा पडून असायचा. चिमटा काढला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्याने पहिल्याच दिवशी अंगणात भिरकावला होता. मी काय पोर हाय, म्हणून.

वैशाखरे गावात घाटाच्या रस्त्यावर रंभाची सरबताची गाडी होती. गाळणीत उरलेल्या बिया ती रोज फेकून द्यायची. आता घरी आणू लागली.

वाटी दोन दिवस तशीच राहिली. तिसऱ्या संध्याकाळी ती परतली, तर बिया ओटीभर सांडलेल्या आणि वाटीत एकच पांढरी, नागडी बी. तिने सांडलेलं गोळा केलं. आणखी मूठभर बिया वाटीत टाकल्या.

सोललेल्या बिया ओल्या फडक्यातून मातीत, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गेल्या. एका सकाळी राघोने आपणहून हाक मारली.

“इकडं ये गो! एका बीतनं दोन कोंब!”

मग त्याला दुसरं काही सुचेना. पाय ओढत तो पिशव्या उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात हलवायचा. डाव्या हाताने उचलायचा, उजव्याचा नुसता टेकू द्यायचा. धसईहून आलेला मेहुणा अनिल हसला.

“कलम आणायचं दाजी. बीच्या झाडाला लिंबू धरायला सात वरसं लागतात.”

“मंग? मी कुठं चाललोय?”

दिवाळीपर्यंत रोपं वीतभर झाली. एका सकाळी रंभा गाडीवर लिंबं भरत होती, तेवढ्यात मागच्या दारातून ओरडणं आलं.

“आई गं!”

ती टोपली टाकून धावली. राघो रोपांमध्ये बसला होता. उजव्या हाताच्या तर्जनीवर रक्ताचा थेंब होता.

“काटा टोचला,” तो म्हणाला.

“कुठं, बघू,” म्हणत ती वाकली आणि तशीच थबकली.

राघो तिच्याकडे बघत नव्हता. त्याने तेच बोट, सावकाश, पुन्हा काट्याकडे नेलं.