स्लॅबचा उरलेला माल

आमच्या गल्लीत सात ब्रेकर होते. पिपरी मेघेच्या लेआउटमधली ही गल्ली, धड दोनशे पावलांचीही नाही. यातला एकही ब्रेकर ग्रामपंचायतीने टाकलेला नव्हता. कोणाच्या घराचा स्लॅब पडला की शेवटी सात-आठ घमेले माल उरतो. तो घरासमोर रस्त्यावर आडवा ओतायचा, थापीने गोल करायचा, वर ओलं पोतं टाकायचं आणि दोन दिवस बाजूने विटा लावून ठेवायच्या. झाला ब्रेकर. पोरं गाड्या जोरात पळवतात म्हणून टाकला, असं जो तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण ज्याचा ब्रेकर उंच त्याचं बांधकाम मोठं, हेही त्यात होतं.

पंचफुला गल्लीच्या आतल्या टोकाला राहते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून तिचे दोन्ही पाय कामाचे राहिले नाहीत. हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकल आहे तिच्याकडे. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, घरही त्याच्याच मागे, त्यामुळे त्या सायकलचा नट न् नट मला माहीत. वर्षभरात दोनदा तिच्या पुढच्या चाकाचा चिमटा चिरला आणि मागच्या चाकांच्या तारा किती बदलल्या, ते मी मोजलं नाही.

ती नागपूर रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात काम करायची. नऊ वाजता पेशंटचे नंबर लावायची खिडकी ती उघडायची. तीनचाकी ब्रेकरवर चढत नाही. पुढचं चाक अडतं, हाताचा जोर पुरत नाही आणि सायकल मागे येते. मग कोणी माणूस दिसेपर्यंत बसून राहायचं. असं प्रत्येक ब्रेकरला. गल्लीतली माणसं वाईट नाहीत. कोणीही येऊन धक्का द्यायचा. धक्का देणाऱ्याला बरंही वाटायचं, दिवसाची सुरुवात चांगली झाल्यासारखं.

"काकाजी, मी का बंद पडलेली गाडी आहो?" ती एकदा मला म्हणाली. मी हसलो होतो. हसायला नको होतं.

दिवाळीनंतर वासुदेवराव गुरुजींनी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला. त्याआधी महिनाभरच त्यांच्या नातीला, वेदश्रीला, एका मोटारसायकलवाल्याने ठोकलं होतं. पोरीच्या पायाला प्लास्टर होतं. गुरुजींनी उभं राहून ब्रेकर टाकून घेतला. गल्लीतला सातवा, चांगला वीतभर उंच.

पोतं निघालं त्या सकाळी गल्लीत कोणी नव्हतं. पंचफुलाने लांबून जोर घेतला आणि सायकल ब्रेकरवर चढता चढता आडवी झाली. कोपर सोलून निघालं. ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. महिन्यातला तिसरा उशीर. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नका.

मी अर्ज लिहिला. लिहायला मला पंचफुलानेच शिकवलं, साठी उलटल्यावर. अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या बाबूने रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि सांगितलं की आमच्या रेकॉर्डवर त्या गल्लीत ब्रेकरच नाही, मग काढायचा कोणता? मी म्हटलं, चला, दाखवतो. तो म्हणाला, पाहून काय करू, जो टाकलाच नाही तो काढायचा ठराव कसा घेणार?

तिथून तडक गुरुजींकडे गेलो. त्यांनी चहा सांगितला. नातीचं प्लास्टर दाखवलं. मग म्हणाले, "प्रेमदासभाऊ, तिले ढकलायले आम्ही सारे हाओत ना." मी चहा घेतला नाही.

तणतणत पंचफुलाकडे गेलो. गुरुजींना, बाबूला, साऱ्या गल्लीला तोंडाला येईल ते बोललो. या लोकांना लाज कशी वाटत नाही म्हणालो. ती कोपराला मलम लावत होती. माझं सगळं बोलून होऊ दिलं आणि मग तिने विचारलं, "काकाजी, शेवटचा ब्रेकर कोणाचा हाय?"

शेवटचा, गल्लीच्या तोंडाचा ब्रेकर माझा होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन खोल्यांचा स्लॅब पडला, त्याचा. रोज सकाळी मीच तिला त्याच्यावरून पार करून द्यायचो, जयभीम घालायचो आणि दुकान उघडायचो. अर्जात मी सहाच ब्रेकर लिहिले होते.

रात्रभर अंगाची आग होत होती. कोणावर चिडू ते कळत नव्हतं.

सकाळी आठला घन आणि छन्नी घेऊन मी माझा ब्रेकर फोडायला बसलो. माल चांगला पडला होता, लवकर फुटेना. अर्धा फुटला असेल, तेवढ्यात आत हॉर्नचा गलका सुरू झाला. घन हातात घेऊनच गेलो.

पंचफुलाने गुरुजींच्या ब्रेकरपाशी सायकल आडवी लावली होती आणि ब्रेक ओढून ठेवला होता. मागे शाळेचा ऑटो, चार-पाच मोटारसायकली. शेजारचा स्वप्निल धक्का द्यायला पुढे झाला, तर तिने त्याला हात लावू नको म्हणून सांगितलं.

"काऊन असं करून राह्यली ताई?" तो म्हणाला. "ऑफिसले उशीर होऊन राह्यला ना."

"मले रोजच होते," ती म्हणाली.

मागून कोणीतरी म्हणालं की सरळ सांगितलं असतं तर आपण उचलून पलीकडे ठेवलं असतं. तिने मान वळवून पाहिलंही नाही. गुरुजी फाटकातून बाहेर आले. ते समजुतीच्या आवाजात तिला वेदश्रीच्या पायाचं सांगू लागले. तिने ऐकून घेतलं.

"गुरुजी, वेदश्रीले मोटारसायकलनं ठोकलं. माह्या सायकलनं नाई."

गुरुजींनी घनासाठी माझ्यासमोर हात केला. मी घन दिला. त्यांनी जन्मात घन धरला नव्हता, पहिला घाव घसरून त्यांच्याच चपलेजवळ पडला. स्वप्निलने घन त्यांच्या हातून घेतला. कोणी लोखंडी सब्बल आणली. ऑटोतली पोरं उतरून पाहू लागली.

साडेनऊला पंचफुलाचा फोन वाजला. ती "हो सर" म्हणाली, परत एकदा "हो सर" म्हणाली आणि फोन पिशवीत ठेवला. मी विचारलं तेव्हा तिने खाली पाहूनच सांगितलं, "दुसरी ठेवली."

घाव थांबले. ती म्हणाली, थांबू नका.

आठ दिवसांत सातही ब्रेकर निघाले. गाड्या पुन्हा पळतील अशी गुरुजींना भीती होती, म्हणून मी रिकामे ड्रम आणायला सांगितले. त्यांत माती भरली. एक ड्रम डाव्या अंगाला, पुढचा उजव्या अंगाला, असे गल्लीभर ठेवले. मोटारसायकलवाल्याला आता वळत वळत जावं लागतं, वेग आपोआप कमी होतो. तीनचाकी आरामात निघते. वेदश्री काठी टेकत शाळेत जाऊ लागली. हे ड्रम भरून लावायला एक सकाळ लागली, आणि ड्रम लागले पाच. तेवढ्यासाठी आम्ही इतकी वर्षं त्या बाईला ढकलत होतो.

लोक दुकानात येतात, हवा भरतात आणि म्हणतात, प्रेमदासभाऊ, गल्ली मस्त झाली. मी पंपाकडे पाहतो. बोललो तर शिवी निघेल, आणि ती अर्धी मलाच असेल.

पंचफुला रोज सकाळी निघते. पिशवीत कागद असतात. कधी कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे विचारते, कधी सेवाग्रामकडे जाते. दुपारी परत येते. एका दमात गल्ली पार करते. धक्का द्यावा लागत नाही, म्हणून तिच्याजवळ आता कोणी थांबत नाही. काम मिळालं का, हेही कोणी विचारत नाही.