बाळ कुणाच्या घासात

मदर कासिल्दा लबाडी करायच्या. वर्षातून एकदाच, पण न चुकता, आणि तीही बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, भर सहा जानेवारीला, येशूच्या तसबिरीखाली बसून.

त्या दिवशी आपिसाको गावात घरोघरी रोस्का कापतात. परातीएवढा गोल गोड पाव, मधे भोक, वर पाकातल्या फळांच्या रंगीत पट्ट्या, आणि पोटात कुठेतरी बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं बाळ. बाळ येशूच ते. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, त्या टेबलावरच्या सगळ्यांना तामाल, म्हणजे कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खाऊ घालायचे. त्यातून सुटका नाही. चांगले खातेपिते लोक बाळ गालात दाबून गप्प बसतात, काही तर गिळून टाकतात म्हणे!

आता मदर चालवायच्या त्या आश्रमात, सांता दोरोतेयाच्या घरात, टेबलावर असायचं कोण? आत चौदा आजारी पोरं, बहुतेकांच्या मागे कुणी नाही. आणि अंगणात जेवणारे, रेल्वेच्या रुळांकडेला झोपणारे वीस-बावीस जण, जे रोज दुपारी फाटकाशी ताटलीसाठी रांग लावत. यांच्यातल्या एखाद्याला बाळ मिळालं तर त्या बिचाऱ्याने तामाल आणायचे कुठून? म्हणून मदर रोस्का स्वतः भाजायच्या, बाळ स्वतः खालून खुपसायच्या, आणि त्या जागेवरची पेरूच्या वडीची लाल पट्टी जराशी तिरपी ठेवायच्या. कापताना तो तुकडा आपल्या ताटलीत घ्यायचा, दाताखाली बाळ आलं की कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचं, "अरे देवा, यंदाही मीच!" असं एकवीस वर्षं चाललं होतं. हे पाप आहे का, असं त्यांनी एकदा फादरना विचारलं होतं. फादर म्हणाले, "तामाल झकास होतात तुमचे. चालू द्या."

यंदा तिरप्या पट्टीच्या तुकड्यात बाळ नव्हतं.

मदरनी तुकडा मोडला, पुन्हा मोडला, पार भुगा केला. काही नाही. एवढ्यात टेबलाच्या टोकाशी एक हात वर झाला.

"माझ्याकडे आहे! बाळ माझ्याकडे आलंय! मी तामाल देणार!"

ती यारेत्सी होती. नऊ वर्षांची, पण बघणाऱ्याला सहाची वाटेल अशी. हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती, त्यामुळे ओठ कायम जांभळट. जिना चढणं बंद, पळणं बंद, हसणंसुद्धा बेताने. तीन वर्षांपूर्वी कुणी लांबची मावशी तिला फाटकात सोडून गेली ती गेलीच.

"वा वा, नशीबवान आहेस," मदर म्हणाल्या आणि हात पुढे केला. "दे इकडे. मी बघते तामालांचं."

यारेत्सीने मूठ घट्ट मिटली. "नाही."

"अगं, नाही काय? दे म्हणते ना."

"बाळ मला मिळालंय. तामाल माझे."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात याचा दुसरा अंक झाला. मदर कांदे चिरत होत्या, पोरगी दारातल्या खुर्चीत ठाण मांडून.

"हे बघ," मदर म्हणाल्या, "सगळं मी करते आणि सांगते की यारेत्सीने दिले. झालं समाधान?"

"मग ते तुमचेच तामाल की. मी नुसती नावाला."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? दगदग नको, धूर नको. ऑपरेशनसाठी प्युएब्लाच्या हॉस्पिटलात जागा मिळेपर्यंत तू जपून राहायचंस. तामाल म्हणजे खेळ वाटला का तुला? दोन दिवसांचं मरण आहे ते!"

"मरायचंच असेल तर तामाल देऊन मरीन."

मदरनी सुरी आपटली. "जीभ फार चालायला लागलीय तुझी! खबरदार पुन्हा असलं बोललीस तर!"

पोरगी घाबरली नाही. मुठीतल्या बाळाकडे बघत म्हणाली, "मदर, मला सगळेच देतात. तुम्ही सूप देता, त्या चर्चमधल्या बायका स्वेटर देतात, डॉक्टर गोळ्या देतात. मी सारखी म्हणते, देव तुमचं भलं करो, देव तुमचं भलं करो. कंटाळा आला मला. मला पण कुणीतरी एकदा म्हणू दे ना."

मदर कासिल्दांना राग आला, खरा राग. एकवीस वर्षं हाडाची काडं केली ती काय हे ऐकायला? "कांदेलारियापर्यंत तू अंथरुणातून उठायचं नाहीस," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवली. डोळे कांद्याने झोंबत होते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

खरी गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर निम्मी आशा. नाही केलं तर फार तर हे वर्ष. ते ऐकल्यापासून मदरना त्या पोरीला वाऱ्याचीही झुळूक लागू द्यायची नव्हती. तिचा जीव गेला तर या घरात आपला जीव रमणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

पण ऐकेल ती यारेत्सी कसली! चार दिवसांनी मदर सुपाचं पातेलं घेऊन अंगणात आल्या तर ही बया शाल गुंडाळून फाटकाशी उभी. रांगेतल्या एकेकाला सांगत होती, "दोन तारखेला दुपारी बारा वाजता माझ्याकडे जेवायला यायचं. तामाल आहेत. विसरू नका बरं का."

मदर ओरडणार होत्या. तेवढ्यात पान्फिलो बाबांची पाळी आली. पान्फिलो बाबा म्हणजे कधीकाळचे रेल्वेतले कामगार. दारू, मग रस्ता, मग हे फाटक. अकरा वर्षं रोज ताटली घेत होते, पण मान वर करून कधी मदरकडे बघितलं नव्हतं. ताटली घ्यायची, भिंतीकडे तोंड करून खायचं आणि चालू पडायचं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. केसांवरून हात फिरवला. "येईन की," ते म्हणाले. "येताना काय आणू, पोरी?"

मदर पातेलं धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत त्या माणसाला आपण एकदाही जेवायला 'बोलावलं' नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. वाढलं रोज. बोलावलं कधीच नाही.

"कणसाची पानं आणा," यारेत्सी म्हणाली. "मोठी मोठी. फाटकी नको."

संध्याकाळी मदर तिच्या खाटेशी गेल्या. "धुरापाशी जायचं नाही," त्या गुरगुरल्या. "उभं राहायचं नाही. खुर्चीत बसून पानांवर पीठ लावायचं, बास. आणि दम लागला की त्या क्षणी थांबायचं."

"म्हणजे हो?"

"म्हणजे जे सांगितलं ते."

पोरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. मदर म्हणाल्या, "पुरे, पुरे, मान मोडशील," पण हात काही सोडवले नाहीत.

मग जी काय धमाल सुरू झाली! पान्फिलो बाबांनी मंडईतल्या ढिगातून एकेक पान निवडून आणलं आणि नळाखाली धुऊन अंगणात वाळत घातलं. रांगेतली रेमेदियोस, जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, ती एकेकाळी स्टेशनवर तामाल विकायची म्हणे. ती पदर खोचल्यासारखी शाल कमरेला बांधून स्वयंपाकघरात शिरली आणि मदरनाच शिकवायला लागली. "मका भिजवायला चुना जास्त झाला, मदर. एकवीस वर्षं हे असं खायला घालताय लोकांना? आणि ते बिचारे खातायत!"

मदर काही बोलणार तोच यारेत्सी म्हणाली, "मदर, पाहुण्यांनी बाहेर बसायचं असतं."

"मी पाहुणी?"

"तुम्ही नव्हता का टेबलावर? मग!"

एक तारखेला सकाळी प्युएब्लाहून फोन आला. हॉस्पिटलात जागा झाली होती. उद्या दुपारी तीनच्या आत पोरीला घेऊन या, परवा सकाळी ऑपरेशन. मदरनी फोन ठेवला. वाट बघून बघून डोळे शिणले होते, आणि आता तो दिवस आला होता. जेवण रद्द करायचं, पोरीला आज पूर्ण निजवून ठेवायचं, असं ठरवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. यारेत्सी पानावर चमच्याने पीठ पसरत होती, जीभ दातांत धरून. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तीन वाजता ना? गाडीला दीड तास," तिने बोटांवर हिशेब केला. "जेवण बाराला आहे. होतंय की." आणि पुढचं पान उचललं.

दोन तारखेला बाराच्या ठोक्याला फाटकाशी रांग नव्हती. लोक दोघं-दोघं, तिघं-तिघं मिळून आले, पाहुणे येतात तसे. कुणी दाढी केलेली, कुणी रुळाकडेची रानफुलं आणलेली. पान्फिलो बाबांच्या अंगात कुणाचा तरी कोट होता, बाह्या हातभर लांब. यारेत्सी मोठ्या पातेल्याशेजारी खुर्चीत बसली, चिमट्याने एकेक तामाल काढून ताटलीत ठेवत होती. आत मिरचीच्या लाल रश्शातली कोंबडी, बाहेर मऊ लुसलुशीत मका, वर वाफ. पान्फिलो बाबा ताटल्या नेऊन देत होते.

"देव तुझं भलं करो, यारेत्सी."

"देव तुझं भलं करो, पोरी."

दर वेळी ती मान डोलवून म्हणायची, "सावकाश खा. अजून आहेत." चेहरा असा उजळलेला की ओठांचा रंगसुद्धा कुणाच्या लक्षात येऊ नये.

मदर कासिल्दांना बसता येईना. खरंच येईना! दोनदा उठल्या, एकदा पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. शेवटी पान्फिलो बाबांनी खांदा धरून त्यांना बाकावर बसवलं आणि, अकरा वर्षांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत बघून म्हणाले, "बसा हो मदर. खाणं एवढं अवघड नाही. आम्ही नाही का रोज खात?"

सगळ्यात शेवटी यारेत्सीने मदरची ताटली पाठवली. एकच तामाल, पानाची गाठ जराशी तिरपी. मदरच्या लक्षात नाही आलं. कसं यावं? फाटकात प्युएब्लाची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती, तरुण सिस्टर पिशवी घेऊन सोबत जायला उभी होती, पान्फिलो बाबांनी पोरीला अलगद उचलून गाडीत बसवलं होतं. मदर उठायला लागल्या तशी यारेत्सी खिडकीतून ओरडली, "आधी खा! खाल्ल्याशिवाय मी निघणार नाही!"

मदरनी घाईघाईने मोठा घास तोडला. कट्कन काहीतरी दाताखाली आलं.

त्यांनी तळहातावर काढून बघितलं. बोटाच्या पेराएवढं बाळ, लाल रश्शात माखलेलं.

सगळ्या अंगणात एकच हशा उसळला. मदर तशाच उठून, हातात बाळ, हनुवटीवर रस्सा, गाडीकडे पळाल्या.

"बाळ तुम्हाला मिळालं!" यारेत्सी टाळ्या पिटत होती. "आता तामाल तुम्ही द्यायचे! आणि मी पाहुणी! हिरव्या मिरचीचे करा. कधी ते मी आल्यावर सांगते."

"लबाड कुठली! कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच. तिरपी पट्टी मला पहिल्या वर्षापासून माहितेय. यंदा तुम्ही फाटक उघडायला गेलात ना, तेव्हा मी बाळ काढून दुसरीकडे खुपसलं आणि तोच तुकडा मागून घेतला."

मदर कासिल्दा रडल्या. सगळ्यांसमोर, अगदी हुंदके देऊन. "ये हं," एवढंच त्यांना म्हणता आलं. "खायला ये. नाही आलीस तर बघ मग, तुझी गाठ माझ्याशी आहे."

"येणार. पाहुणीने नको का यायला?"

गाडी गेली.

ऑपरेशनला सात तास लागले. मग चार दिवस नुसतं एकच उत्तर, अजून शुद्ध नीट नाही; आणि शुद्ध आल्यावर, धोका अजून आहेच. मदर रोज संध्याकाळी निळ्या पातेल्यात चुन्याच्या पाण्यात मका घालायच्या आणि रोज सकाळी तो कोंबड्यांना टाकायच्या. राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस लागले, तरी पातेलं चालूच. रेमेदियोस एकदा म्हणाली, "कोंबड्या फुगल्यात, मदर." मदरनी डोळे वटारले आणि पातेलं घासायला घेतलं.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारची ताटली वाढत असताना फोन वाजला. नर्स म्हणाली, धोका टळलाय, दहा दिवसांत न्यायला या, आणि थांबा, ही पोरगी फोन ओढतेय.

मग घोगरा, बारीक आवाज आला. "मदर? मका भिजवला का?"

"भिजवलाय," मदर म्हणाल्या. आणि हट्टाने पुढे बोलल्या, "उपवासाचे दिवस आहेत म्हटलं. शुक्रवारी येशील तर कोंबडी मिळायची नाही."

"चीज घाला मग. आणि बाळ कुठंय?"

"माझ्या खिशात."

"नीट ठेवा. पुढच्या वर्षी तेच घालायचंय," यारेत्सी म्हणाली. तिला थोडा दम लागला, थांबली, मग म्हणाली, "आणि मदर, पुढच्या वर्षी पट्टी सरळ लावा हं. सगळ्यांना मिळू दे."

"लावते," मदर म्हणाल्या.