तपासलेलं रबर

त्या कार्यालयातलं टेबल टेनिसचं टेबल हे टेबल टेनिसचंच आहे, हे दर पाच वर्षांनी सिद्ध करावं लागे. नियमच तसा होता. तपासनीस यायचा, खुर्ची टाकून बसायचा आणि त्याच्यादेखत दोन कर्मचाऱ्यांनी चेंडू न चुकवता शंभर टोले मारून दाखवायचे. दाखवले, तर टेबल खेळाचं. नाही दाखवले, तर ते नुसतंच टेबल. मग सुतार येऊन ते मधोमध कापणार, अर्धं आवक विभागाला आणि अर्धं जावक विभागाला. दोन्ही विभागांनी आपापल्या अर्ध्यावर काय ठेवायचं ते आधीच ठरवून टाकलं होतं.

मागल्या खेपेला ज्यांनी शंभर टोले मारले, त्यातला एक निवृत्त झाला होता आणि दुसरा बढती मिळाल्यापासून कंबरेत वाकत नव्हता. उरले दोघं, शिक्केताई आणि कपाटकाका.

शिक्केताई तीन नंबरच्या खिडकीवर बसत. पुढे सरकवलेल्या कागदावर ‘तपासले’ असा गोल निळा शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. तपासायचं काम कुणाचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसाला आठशे कागद, अशी सव्वीस वर्षं. त्यांच्या मनगटाला एकच शब्द येत होता, तो म्हणजे धप्प. त्या घरात शिरून दार लावत, तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक खाली डोकावून बघत. त्यांनी थोपटलं की तान्हं बाळ झोपायचं सोडून उठून बसे.

कपाटकाकांची तऱ्हा उलटी. जुन्या कागदांची बावन्न कपाटं त्यांच्या ताब्यात होती आणि कागद असे जीर्ण, की कुणी शिंकलं तरी भुगा व्हावा. त्यामुळे काकांचा हात इतका हलका झाला होता, की त्यांनी दार वाजवलेलं आतल्याला कळतच नसे. ते बिचारे बाहेर उभे राहून कुणीतरी कामासाठी बाहेर येण्याची वाट बघत.

तेव्हा ताईंचा चेंडू छताला आणि काकांचा जाळ्यात. अकरा वर्षं दोघं मधल्या सुट्टीत डबा खाऊन खेळत होते आणि त्यांचा उच्चांक होता सात टोल्यांचा.

तरी तो ताईंचा नेम होता. अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, ती वीस मिनिटं कधी चुकली नव्हती. त्या वीस मिनिटांत त्यांच्यापुढे कुणी कागद सरकवत नसे आणि कुणी ‘आज जेवायला काय’ असंही विचारत नसे. चेंडू यायचा, जायचा. बहुतेक जायचाच. पण वाकून तो शोधतानासुद्धा त्यांचं मन निवांत असे. हे त्यांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

आठ दिवसांनी तपासणी, अशी सूचना लागली. त्या दिवशी घरी न जाता ताई तडक नणंदेच्या दुकानात गेल्या.

नणंदेचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. बाई मोठी फटकळ, पण रबराच्या बाबतीत तिच्या शब्दाला वजन होतं. ताई आत शिरल्या आणि त्यांनी दार लावलं. भिंतीवरची एक रॅकेट खाली पडली.

“या वहिनी,” नणंद वर न बघताच म्हणाली. “घंटी लावायची आहे दाराला असं दोन वर्षं म्हणतेय, पण तुम्ही येत असताना गरजच काय?”

“वन्सं, टोमणे नंतर मारा. मला रबर हवंय. बॅटीचं. चेंडू हातात राहिला पाहिजे.”

“हातात राहायला तो काय माझा भाऊ आहे?” म्हणत नणंदेने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला पुढे केला. “हा उचला आणि त्या स्टुलावर ठेवा.”

प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हेच सांगे. ताईंनी पेला ठेवला. धप्प. नणंदेने पदराने तोंड पुसलं.

“झालं निदान. ऐका. रबराखाली स्पंज असतो. तो जाड असला की चेंडू आत रुततो आणि उडी मारून पळतो. तुमच्या हाताला जाड स्पंज दिला तर चेंडू शेजारच्या गावी सापडेल. तुम्हाला हवा पातळ, दीड मिलिमीटरचा. पातळ असला की चेंडू कुठे लागला, किती लागला, याची खबर लाकडातून थेट बोटांना मिळते. त्यालाच फील म्हणतात. आणि वरचं रबर फार चिकट नको.”

“आणि काकांना?”

“त्यांना जाड. मेलेल्या माणसाने मारलं तरी चेंडू पलीकडे जाईल असं.”

तिने तीन नमुने कागदात गुंडाळून दिले. एक जाड, एक पातळ, एक त्याहून पातळ.

पण कार्यालयात काहीही आणायचं तर समिती बसावी लागे. दुसऱ्या दिवशी ती बसली. मोठ्या बाई अध्यक्ष, शिवाय आवकवाले आणि जावकवाले. तिघांनीही जन्मात बॅट धरली नव्हती. अर्जात ‘स्पर्श’ असा रकाना होता, तो भरणं भाग होतं.

मोठ्या बाईंनी पहिला नमुना हातात घेतला, डोळे मिटले आणि सांगितलं, “लिहा. गार वाटलं. थोडं परकं वाटलं.”

आवकवाल्यांनी दुसरा नमुना गालाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“काय वाटतंय?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“माझी आजी आठवली.”

“चांगल्या अर्थाने?”

“आजीच्या मानाने चांगल्या.”

जावकवाल्यांनी तिसऱ्याचा वास घेतला. तिसरा नमुना ‘वासास उग्र’ म्हणून नापास झाला. पातळ रबर ताईंना आणि जाड काकांना, असा ठराव झाला. हे ताईंनी पहिल्याच वाक्यात सुचवलं होतं, पण ते समितीला स्वतः सापडलं म्हणून समिती खूश होती.

आणि इथे घात झाला. मंजूर झालेली वस्तू तीन नंबरच्या खिडकीवरून आत घ्यायची, अशी रीत होती. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर शिक्का होता, कुंडीतल्या झाडाच्या मोठ्या पानावर शिक्का होता. ताई खिडकीवर बसल्या होत्या, मागे रांग होती आणि कुणीतरी ते पातळ लाल रबर पुढे सरकवलं. ताईंनी काय आहे ते बघितलं, पण हाताने बघितलं नाही.

धप्प.

नव्या कोऱ्या रबराच्या मधोमध गोल निळं ‘तपासले’.

संध्याकाळी नणंद बॅटीला रबर चिकटवायला आली, तेव्हा तो शिक्का बघून मटकन खाली बसली. “वहिनी! अहो, रबराला लोक ओल्या बोटाने हात लावत नाहीत. त्यावर झाकण घालतात, झाकण! आणि तुम्ही त्याच्या कपाळावर शिक्का मारलात?”

“हाताने मारला,” ताई कोमेजल्या आवाजात म्हणाल्या. “मी नाही.”

दुसरं आणायला वेळ नव्हता. पुन्हा समिती, पुन्हा गाल. नणंदेने कुरकुरत रबर चिकटवलं, कडेने सफाईने कापलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खेळ सुरू झाला. ताईंनी पहिला चेंडू मारला, तो छताला. दुसरा खिडकीबाहेर. तिसरा मात्र बरोबर शिक्क्यावर बसला आणि हळूच, सुनेने सासऱ्यांपुढे ताट ठेवावं तसा पलीकडे जाऊन टेकला.

दोघंही थबकले.

“ताई,” काका म्हणाले, “हे तुम्ही केलंत?”

“शिक्क्याने केलं.”

पुन्हा मारून बघितलं. शिक्क्याबाहेर लागला की उडे, शिक्क्यावर लागला की शहाण्यासारखा जाई. शाई सुकून तिथलं रबर मंद झालं असावं. किंवा दुसरंही काही असेल. नणंदेला बोलावलं. तिने बोट फिरवलं, कान लावला, चार चेंडू मारून बघितले आणि कपाळाला हात लावला.

“माझी वीस वर्षं पाण्यात गेली. मारा वहिनी, सगळीकडे मारा.”

ताईंनी बॅट टेबलावर ठेवली आणि बारीक शिक्का घेऊन कडेपासून सुरुवात केली. धप्प, धप्प, धप्प. एकही जागा लाल राहिली नाही. साठ शिक्के झाले, तेव्हा त्यांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हात दमल्यासारखा वाटला. दमलेला हात मांडीवर ठेवून त्या थोडा वेळ बसल्या. मग उठून खेळल्या. त्या दिवशी अठ्ठावीस टोले झाले.

मग रोजचा क्रम ठरला. आधी बॅटीवर साठ शिक्के, मग खेळ. तिकडे काकांच्या जाड स्पंजाने काकांच्या हातात जीव आणला होता. चेंडू आपण मारतो आणि तो खरंच जातो, हे बघून ते पहिल्या दिवशी घाबरले, दुसऱ्या दिवशी हसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाचं दार लावलं, तेव्हा आवक विभागातल्या लोकांनी माना वर केल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी ब्याण्णव झाले. ताई घरी गेल्या आणि त्यांनी दार लावलं. वरच्या मजल्यावरून कुणी डोकावलं नाही. यजमान म्हणाले, “अगं, कधी आलीस?”

तपासनीस आला तो किडकिडीत, हातात छापील अहवाल, बोटांची पेरं तयार. मोठ्या बाई, आवकवाले, जावकवाले भिंतीशी उभे. दाराबाहेर सुतार, करवत गुडघ्यावर घेऊन. नणंदही दुकान बंद करून आली होती आणि ताईंपेक्षा जास्त घामेजली होती.

खेळ सुरू झाला. टक, टुक. टक, टुक. तपासनीस पेरांवर मोजत होता. तीस झाले, पन्नास झाले. शाई ओली होती, त्यामुळे चेंडू निळा पडत चालला. सत्तराव्या टोल्याला काकांचा चेंडू टेबलाच्या काठाला लागून वाकडा उडाला. नणंदेने डोळे मिटले. ताईंनी हात पुढे नेला आणि चेंडू बॅटीवर आला, थांबला असं वाटलं आणि परत गेला. ताईंना त्याचं वजनसुद्धा बोटांत कळलं.

“शंभर!” तपासनीस म्हणाला. नणंदेने शिट्टी मारली. सुताराने करवत पिशवीत घातली.

खेळ थांबला नाही. टक, टुक.

“झाले शंभर,” तपासनीस मोठ्याने म्हणाला. “पुरे.”

“थांबायचं कसं?” काकांनी विचारलं. ते हे कधी शिकलेच नव्हते. आजवर चेंडूच थांबायचा.

“मला टोले संपल्याची वेळ लिहावी लागते हो! संपल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.”

दोनशे झाले. सुट्टी संपल्याची घंटा झाली. तीन नंबरच्या खिडकीवरची रांग ताईंना शोधत खोलीत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. कागद हातात धरून सगळे डावीकडे, उजवीकडे बघत होते. तपासनिसाची पेरं संपली, तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी आपली पेरं त्याला वापरायला दिली. चारशे बारा झाल्यावर ताईंना वाटलं, आता पोटभर झालं. त्यांनी बॅट खाली केली आणि आलेला चेंडू डाव्या हाताच्या ओंजळीत घेतला.

तपासनिसाने घाईघाईने वेळ लिहिली, सही केली आणि अहवाल त्याच टेबलावरून ताईंपुढे सरकवला. “शिक्का. आज शिक्का पडला नाही, तर सगळं बाद.”

ताईंनी शिक्का उचलला आणि मारला. आवाज झाला नाही. कागदावर काहीच उमटलं नाही. पुन्हा मारला. फिकट वर्तुळ आलं, ‘तपासले’ नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळले, डोळे मिटले आणि शिक्का कागदावर असा टेकला, जसा पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर हात ठेवावा.

“वहिनी, मारा की!” नणंद ओरडली. “तुम्ही मारत नाही म्हणजे काय? माझी रॅकेट कुणी पाडली मग?”

“होत नाही वन्सं,” ताईंचे डोळे भरले. “जोर गेला.”

दाराबाहेर सुताराने पिशवी पुन्हा उघडली.

“मी मारतो,” काका म्हणाले.

“चालणार नाही,” जावकवाले लगबगीने म्हणाले. त्यांची अर्धी जागा हातची जात होती. “शिक्का ताईंच्याच हातात असला पाहिजे.”

मोठ्या बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि बोट फिरवलं. “हात कुणाचा ते लिहिलंय,” त्या सावकाश म्हणाल्या. “जोर कुणाचा ते लिहिलेलं नाही.”

तेव्हा ताईंनी दोन बोटांत शिक्का सरळ धरला. काकांनी दोन पावलं मागे जाऊन जाड स्पंजाची बॅट उचलली. बावन्न कपाटांपुढे उभ्या आयुष्यात न मारलेला एक टोला त्यांनी शिक्क्याच्या मुठीवर हाणला.

धप्प!

जाळं हललं, घड्याळ वाकडं झालं, झाडाचं शिक्क्याचं पान गळून पडलं. अहवालावर ‘तपासले’ इतकं ठसठशीत आलं, की खाली टेबलाच्या लाकडातही उमटलं.

“आता तर हे कापताच येणार नाही,” सुतार वाकून बघत म्हणाला. “यावर शिक्का आहे.”

दुसऱ्या दिवशीपासून तीन नंबरच्या खिडकीवर दोन खुर्च्या आहेत. ताई शिक्का धरतात, काका बॅट मारतात. रांगेतल्या लोकांना सांगितलंय, थोडं लांब उभं राहा. बावन्न कपाटांच्या किल्ल्या ताईंकडे आल्या आहेत. त्या कागद काढतात तेव्हा भुगा पडत नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की दोघं डबा खाऊन टेबलापाशी जातात. नणंद मधूनच येते, बॅटीवर बोट फिरवते आणि म्हणते, “वहिनी, रबर झिजलंय, बदला.” ताई मान हलवतात आणि पहिला चेंडू टाकतात.