सुताराच्या पिशवीतला ळ

मित्रांनो, माझ्यापासून सुरू होणारा शब्द शोधायला गेलात, तर बहुधा हात हलवत परत याल. मी ळ आहे. कागदावरचा नव्हे, लाकडाचा; काडेपेटीएवढ्या चौकोनी तुकड्यावर पटाशीने कोरलेला. आता माझ्या कडा झिजल्या आहेत, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि पाठीवर फरशीचे ओरखडे आहेत. एका अक्षराच्या वाट्याला एवढी झीज कशी आली, असे तुम्हाला वाटेल. तेच सांगायचे आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कामाच्या खोलीत झाला. खिडकीखाली लांब बाक, भिंतीवर ओळीने टांगलेल्या करवती आणि जमिनीवर रंध्यातून निघालेल्या छिलक्यांचा ढीग. सुतार साठी ओलांडलेला, फार न बोलणारा माणूस. बायको केव्हाच गेलेली. थोरली लेक लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. घरात धाकटा मुलगा आणि सून. तो मुलगा एका पावसाळ्यात तापाचे निमित्त होऊन गेला आणि घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसे उरली.

दोघे एकमेकांना सांभाळून होते, पण बोलणे सुचत नव्हते. तो विचारी, जेवलीस का. ती म्हणे, हो. ती विचारी, चहा ठेवू का. तो म्हणे, ठेव. त्यापलीकडे घरात भांड्यांचा तेवढा आवाज. दिवसामागून दिवस असेच जाऊ लागले, तसे सुताराला भीती वाटू लागली, की ही पोरगी एक दिवस बोलणेच विसरून जाईल.

एका दुपारी त्याने कपाटाचे दार करून उरलेली फळी घेतली, तिचे सारखे तुकडे केले आणि त्यांवर अक्षरे कोरायला बसला. काना, मात्रा, वेलांट्या काही त्याला साधेनात. त्या बारीक पट्ट्या मोडून हातात यायच्या. शेवटी त्याने तो नाद सोडला आणि नुसती अक्षरे कोरली. माझ्या दोन गोल वळणांनी त्याला फार दमवले. पहिला ळ मधोमध चिरला. दुसरा मी. माझे एक वेटोळे दुसऱ्यापेक्षा मोठे झाले, पण तोवर त्याची बोटे आखडली होती. बाकीची अक्षरे दोन-दोन, तीन-तीन झाली. ळ मात्र मी एकटाच राहिलो.

संध्याकाळी त्याने आम्हाला कापडी पिशवीत भरले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतले.

"मला फारसं बोलता येत नाही," तो सुनेला म्हणाला. "तूही गप्प असतेस. निदान हे लावून बघू."

खेळ साधा होता. पिशवीतून मूठभर अक्षरे काढायची आणि शब्द करायचा. समोरच्याने अर्थ विचारला, तर सांगायचा; पण पुस्तकातला अर्थ चालायचा नाही. ती गोष्ट आपण कुठे पाहिली, कधी हाताळली, ते सांगायचे. मात्रा नसल्यामुळे शब्द आखूड व्हायचे, आणि असे आखूड शब्द माझ्यावाचून अडायचे. नळ आणि फळ सगळ्यांनाच येतात, म्हणून ते कुणी केले की दुसरा नाक मुरडायचा. मजा होती ती अडगळीतल्या शब्दांची.

पहिल्या दिवशी सुनेने बराच वेळ अक्षरे खालीवर केली आणि ‘ख’च्या शेजारी मला ठेवले. खळ. सुताराला तो शब्द ठाऊक होता, तरी त्याने मुद्दाम अर्थ विचारला. ती आधी घुटमळली. मग म्हणाली, की तिची आई घरी कागदी पाकिटे करायची आणि त्यासाठी पीठ पाण्यात शिजवून चिकट खळ करायची. ती जरा लागली की करपट वास घरभर फिरायचा. लहानपणी ती बोटांवर खळ वाळू द्यायची आणि साप कात टाकतो तशी ती सोलून काढायची. आई रागवायची, कारण तेवढ्या खळीत चार पाकिटे चिकटली असती. बोलता बोलता तिचा चहा गार झाला. सुतार जागचा हलला नाही. हललो तर ही थांबेल, असे त्याला वाटले असावे.

मग रोज संध्याकाळी पिशवी निघू लागली. त्याने घळ लावला आणि दोन टेकड्यांमधल्या अरुंद, अंधाऱ्या फटीत हरवलेली शेळी शोधायला आपण आणि भाऊ कसे शिरलो होतो, ते सांगितले. तिने गळ लावला. वडिलांबरोबर तळ्यावर बसून मासा न मिळालेल्या सगळ्या दुपारींची हकिगत त्यात आली. एकदा तिने वळ लावला आणि अर्थ सांगायच्या ऐवजी मनगट पुढे केले. नवऱ्याचे घड्याळ तिला सैल व्हायचे, म्हणून ती पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळून बांधायची. तिने घड्याळ सोडले. खाली लालसर वळ उठला होता. सुताराने तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या शेवटच्या दोन भोकांमध्ये दाभणाने नवे भोक पाडून दिले.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. पिशवीत हात घातल्यावर मी हाती लागलो, की जिंकल्यासारखा चेहरा व्हायचा. "आला माझा ळ," असे म्हणत मला मुठीत धरून ठेवायचे.

एका रविवारी थोरली लेक आली. सून तिला ताई म्हणायची. टेबलावरचा पसारा पाहून ताई दारातच थबकली. माणूस जाऊन अजून वर्षही झाले नाही आणि घरात असला पोरखेळ चाललाय, असे ती म्हणाली. वर म्हणाली, "बाबांना चळ लागलाय."

सुनेच्या हातात तेव्हा मी होतो. तिने शांतपणे च शोधला, त्याच्याशेजारी मला ठेवले आणि सासऱ्याकडे बघून अर्थ विचारला. चळ म्हणजे वेड. मुलगा गेल्यापासून सुतार पहिल्यांदा हसला. सूनही हसली. ताई हसली नाही. तिने आणलेला डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि उभ्या उभ्या निघून गेली. तिचाही भाऊ गेला होता, आणि त्या टेबलाशी तिला कुणी बस म्हटले नव्हते. हे मला फार उशिरा उमगले. त्या दोघांना तर त्याहूनही उशिरा.

पुढच्या वर्षी सुनेला पूर्वी नर्सिंग शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर घरी आल्या. लग्नामुळे तिचे शेवटचे वर्ष राहून गेले होते. दूरच्या शहरातल्या इस्पितळात ते पुरे करता येईल, पुढे तिथेच नोकरीही मिळेल, असे त्यांनी सांगितले. सुनेने विचार करते म्हटले आणि त्या गेल्यावर नको म्हणायचे ठरवून टाकले. कारण मला माहीत होते. सुताराचा उजवा हात थरथरू लागला होता. मला पिशवीतून उचलून टेबलावर ठेवेपर्यंत तो दोनदा खाली पाडायचा. ताईनेही तिला बजावले, की तू गेलीस तर बाबांचे कोण बघणार. मला माझा संसार आहे.

त्या संध्याकाळी सुताराने पिशवी उपडी केली, अक्षरे उघडी पसरली आणि हवी तीच उचलली. प आणि मी.

"पळ," सुनेने वाचले. "म्हणजे काय?"

"जुन्या लोकांचं वेळ मोजायचं माप. घटकेचा अगदी बारका तुकडा."

"हा पुस्तकातला अर्थ झाला, बाबा. चालणार नाही."

सुताराने माझ्यावर बोट ठेवले. "दुसरा अर्थ असा, की पोरी, तू इथून पळ. माझा हात धरून बसलीस म्हणून तो थरथरायचा थांबणार नाही. तुझं मात्र सगळं थांबेल."

तिने अक्षरे गोळा करून पिशवीत भरली, मला सगळ्यांत शेवटी. महिनाभरात ती गेली. जाताना सुतार पिशवी तिच्या सामानात ठेवायला निघाला, तेव्हा तिने ती परत फडताळात ठेवली आणि म्हणाली, ताईंबरोबर खेळा. पण सुताराने ताईला कधी बोलावले नाही आणि ताईने कधी विचारले नाही.

यानंतर माझे हाल सुरू झाले. सुताराला एकट्याने राहणे अवघड झाले, तेव्हा ताई आणि तिचा नवरा सगळे बिऱ्हाड घेऊन त्या घरात आले. कामाच्या खोलीत त्यांच्या ट्रंका लागल्या. स्वयंपाकघरातले टेबल खिडकीकडे सरकवले, तर ते डगमगू लागले. तिथली फरशी खचली होती. ताईच्या नवऱ्याने पिशवीत हात घातला, जाडीला बरोबर बसेल असा तुकडा काढला आणि टेबलाच्या पायाखाली सारला. तो तुकडा मी होतो.

किती वर्षे मी तिथे होतो, ते मला सांगता येणार नाही. केरसुणी यायची, ओले फडके यायचे, एकदा मुंग्यांनी माझ्या वेटोळ्यात घर केले. वरून आवाज येत. सून सुट्टीत येऊन जाई. ती आली की घर जरा मोठ्याने बोले, गेली की पुन्हा औषधांच्या वेळा. रात्रंदिवस पावलांचा आवाज मात्र एकाच माणसाचा. सुताराला उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला, सगळीकडे ताईची पावले. पुढे सुताराला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

सून धावत आली. आता ती मोठ्या वॉर्डाची प्रमुख होती, अशा रुग्णांना रोज बघत होती. तिने फडताळातून पिशवी काढली, सासऱ्याला टेबलाशी बसवले आणि अक्षरे त्याच्यापुढे पसरली. तो डाव्या हाताने एकेक अक्षर उलटून बघू लागला. सगळी बघून झाली, पुन्हा पहिल्यापासून बघितली, मग त्याने वैतागून ती दूर लोटली.

"ताई, ळ कुठाय?" सुनेने विचारले.

ताई ओट्यापाशी उभी होती. ती वळली नाही. "टेबलाच्या पायाखाली. यांनी घातला तेव्हाच मी पाहिलं होतं. काढला नाही." मग म्हणाली, "तू गेलीस. रोजचं सगळं मी केलं. त्याबद्दल तक्रार नाही माझी. पण बाबा वाट बघायचे ती तुझी."

सून उठून तिच्याशेजारी गेली. "तुम्ही राहिलात म्हणून मला जाता आलं, ताई. हे मी इतक्या वर्षांत एकदाही तोंडानं बोलले नाही."

ताईने हात पुसले. सुनेने टेबल एका बाजूने उचलून धरले आणि ताईने गुडघे टेकून मला ओढून काढले. कोपऱ्याचा टवका उडाला तो तेव्हा. तिने मला नळाखाली धुतले, अंगठ्याने वेटोळ्यातली माती काढली आणि बापासमोर ठेवले.

सुताराने आधी ज सरकवला. मग व, तो उलटा पडला होता, तो त्याने सुलटा केला. मग तळव्याच्या कडेने मला त्यांना भिडवले. जवळ. आम्हा तिघांना त्याने टेबलावरून हळूहळू ढकलत नेले, सुनेकडे नाही, ताईकडे. आमच्यावर हात ठेवून तो लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला.

ताईने ते वाचले. मग तिने खुर्ची ओढली आणि बापाच्या शेजारी बसली. त्या टेबलाशी ती खेळायला पहिल्यांदाच बसत होती.

सून सुट्टी संपवून गेली. आता संध्याकाळी पिशवी ताई काढते. सुताराला अर्थ सांगता येत नाही, म्हणून त्याच्याही शब्दांचे अर्थ तीच सांगते, आणि चुकले तर तो टेबलावर बोट आपटतो. टेबल आता पुन्हा डगमगते.

मित्रांनो, टेबल डगमगत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, अक्षर घालू नका. घरातले कुणी अडगळीतला एखादा शब्द बोलले, तर त्याचा अर्थ त्याच माणसाला विचारा, ते माणूस आहे तोवर. आणि तुमचा खेळ रंगात आला असताना कुणी डबा घेऊन दारात थबकले, तर हातातली अक्षरे क्षणभर खाली ठेवा आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढा.