सवतीचा टाक

माझं काम समजूत घालण्याचं. नवरा-बायकोचं बिनसलं की मूल गावाच्या आसपासच्या खेड्यांतून गुणाबाईला, म्हणजे मला, बोलावणं यायचं. ही काही मी मनानं काढलेली उठाठेव नव्हती. पंचांनीच मला नेमलं होतं, आणि नेमताना देवाजी पाटलांनी चार लोकांत माझी हद्दही सांगितली होती.

"गुणाबाई, तू दोघाइचं आयकाचं अन् त्याइले बोलतं कराचं. काडी मोडनं पंचाइचं काम, भूताखेताचं पुजाऱ्याचं. अन् त्याइच्या घरची वस्तू तुह्या घरी येऊ द्याची नाई. सुपारीबी नाई."

काडी मोडणं म्हणजे लग्न मोडणं. नवरा-बायकोनं एका काडीची दोन टोकं धरायची आणि पंचांसमोर ती मोडायची. लग्नाचा नवा कायदा होऊन वर्ष उलटलं होतं, तरी आमच्याकडे हेच चालायचं. सुपारीच्या अटीचं मात्र मला हसू आलं होतं. मी काय सुपारीला हपापलेली आहे, असं मी पाटलांना तोंडावर विचारलंही. ते हसले नाहीत.

त्याच साली मुखरूची दुसरी बायको चंदा माझ्याकडे आली. मुखरूची पहिली बायको नीला बाळंतपणात गेली होती, आणि रिवाजाप्रमाणे तिचा चांदीचा टाक, म्हणजे तिच्या नावाची उठवलेली प्रतिमा, चंदाच्या गळ्यात होता. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, सणाचा पहिला घास त्याचा, मग आपण जेवायचं. चंदाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

"रिवाज हाय, घालतो," ती म्हणाली. "पन धनी माह्याशी बोलतच नाई, बाई. माह्या गळ्याकडं पाहून बोलते. धानाच्या बांधीत पानी सोडलं, तेबी तिलेच सांगून राह्यले."

दोन वर्षांत नवऱ्यानं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. माहेरी फक्त भाऊ, आणि भावजय दार उघडणारी नव्हती. हा संसार मोडला तर चंदाला जायला जागा नव्हती.

मी दोघांना समोर बसवलं. मुखरू टाकाकडेच बघत राहिला. इथे मी हात जोडून पुजाऱ्याकडे बोट दाखवायला हवं होतं. टाक उतरवायचा की नाही, हे ठरवणारी मी कोण? पण त्या साली माझ्या हातून एकही जोडपं मोडलं नव्हतं आणि शहाणपण उतू चाललं होतं.

"तो टाक माह्याजवळ दे," मी म्हणाले. "महिनाभर ठेवतो."

चंदानं दोरा सोडला. घरी आणून मी तो टाक धानाच्या ढोल्यात, म्हणजे बांबूच्या कणगीत, अगदी खाली खुपसून ठेवला. कुठे ठेवला ते कोणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुखरू आला. "बसतो थोडा," म्हणाला आणि सरळ ढोल्याला टेकून बसला. मग तो बोलू लागला. बांधीचं, बैलाचं, आभाळाचं. मी सुपात तांदूळ निवडत ऐकत राहिले. पुढं तो रोज येऊ लागला.

खरं सांगते, मला ते आवडलं. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत दुपारच्या वेळी माझ्या घरात कोणी दिवसाची गोष्ट सांगितली नव्हती. तो यायच्या आधी मी घर झाडायला लागले, वेगळा लोटा घासून ठेवायला लागले.

आठव्या दिवशी सकाळी चंदा आली. "टाक वापस द्या, बाई. तो घरात नाई, तं तेबी घरात नाईत."

तिची वस्तू, ती मागत होती. मी म्हणाले, "महिना तं होऊ दे." अर्धवट औषध बरं नसतं, असंही वर सांगितलं. चंदा माझ्या घासलेल्या लोट्याकडे बघत उभी राहिली आणि मग गेली.

त्या दुपारी मुखरूनं ढोल्याला डोकं टेकून डोळे मिटले होते. तसाच म्हणाला, "नीला, पानी दे."

मी गुणा आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी लोटा भरला. त्याच्यापुढे वाकून म्हणाले, "हे घ्या." आवाज माझा नव्हता. कोवळा होता. माझा असलाच तर फार जुना. मान वर केली तेव्हा दारात चंदा उभी होती.

चंदानं गाऱ्हाणं नेलं आणि पंच पिंपळाखाली बसले. पाटलांनी मला टाक घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांनी काडी पुढे केली आणि मुखरूनं एक टोक धरलं. चंदा उठली. तिनं ती काडी त्याच्या हातातून काढून घेतली, बायकांत बसलेल्या माझ्यापाशी आली आणि एक टोक माझ्या बोटांत दिलं.

"पाटील, त्याइनं मले कधी धरलंच नाई, तं सोडाचं काय? माहं घर म्या ह्या बाईच्या हाती देल्लं होतं. मोडाची तं हिच्यासंग मोडतो."

तिनं काडी मोडली. मग हात पुढे केला. मी टाक दिला. तो तिनं स्वतःच गळ्यात बांधला आणि घराकडे चालायला लागली. मुखरू उठून तिच्या मागं गेला, तिच्या गळ्याशी काहीतरी हळू बोलत.

त्यानंतर मला कुठूनही बोलावणं आलं नाही. दुपारी ढोल्यापाशी कोणी बसत नाही, पाणी मागत नाही. लोटा मी रोज भरते, आणि "हे घ्या" म्हणते.