तुरळक पावसाचा ठराव

श्रुतिका महाडच्या एका कंपनीत सिग्नलचा हिशोब करायची. कापडे गावाच्या वरच्या वाडीत कंपनीने दरडीचा इशारा देणारा भोंगा बसवला होता. इशारा उपग्रहावरून समाजमंदिरावरच्या छत्रीत यायचा. भोंगा वाजायला जेवढा सिग्नल लागतो त्याहून किती जास्त येतो, म्हणजे मार्जिन किती, हे तिने काढायचं होतं. खरं तर ते आधी काढतात. पण छत्री जूनमध्ये बसली आणि कागद तिच्या टेबलावर ऑगस्टमध्ये आला.

तिने हिशोबात छापील तक्त्यातला पावसाचा आकडा घातला, तर उत्तर आलं उणे दोन डेसिबल. म्हणजे मुसळधार पावसात इशारा पोचणारच नाही. भोंगा मात्र रोज सकाळी अकराला उपग्रहावरूनच येणाऱ्या चाचणीच्या सिग्नलने वाजत होता, कितीही पाऊस असला तरी.

तिच्या साहेबांनी हिशोबाचा कागद आणि चाचण्यांच्या नोंदीचा कागद शेजारी ठेवून पाहिले. उणे मार्जिनवर चालणारं यंत्र नियमात बसत नाही, तेव्हा ते बंद आहे असं समजून काढून आणा, असं त्यांनी सांगितलं.

श्रुतिका वाडीत गेली. समाजमंदिराची किल्ली बनुबाईंकडे असायची. साठी ओलांडलेल्या, घर अगदी डोंगराच्या पायाशी, मुलगे मुंबईत. श्रुतिकाने त्यांना समजावलं, की सिग्नल छत्तीस हजार किलोमीटरवरून येतो, वाटेत पाऊस त्यातला काही खातो, आणि कागदावरचा पाऊस फारच खातो. बनुबाईंनी विचारलं, हा पाऊस मोजला कोणी? सगळ्या कोकणाला एकच आकडा आहे, हे श्रुतिकाने खरं सांगून टाकलं.

"मंग आमचा पाऊस आमी सांगतो," बनुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की सूचक आणि अनुमोदकाची नावं ओरडून सांगावी लागली. ठराव एकमताने झाला: वाडीच्या हद्दीत, छत्रीच्या दिशेला, पाऊस तुरळक पडतो. खाली गोल शिक्का.

साहेब हसतील अशी भीती बाळगतच श्रुतिकाने कागद पुढे केला. त्यांनी शिक्का उजेडात धरून पाहिला आणि तुरळक पावसाने हिशोब पुन्हा करायला लावला. मार्जिन आलं अधिक साडेचार. छत्री वाचली.

दहा दिवसांनी वाडीत पाण्याचा टँकर आला. ठरावाची एक प्रत रीतीप्रमाणे वर तहसीलला गेली होती आणि तिथे कोणीतरी वाडीचं नाव पाणीटंचाईच्या यादीत घातलं होतं. टँकर शेवटच्या वळणावर चिखलात रुतला. भर पावसात वाडीतल्या बायामाणसांनी तो ढकलून वर आणला. विहीर काठोकाठ भरलेली. चालक सुशांत म्हणाला, की पाणी मिळाल्याची सही घेतल्याशिवाय त्याला परत जाता येत नाही, आणि भरलेला टँकर परत नेता येत नाही.

बनुबाईंनी फोन केला तशी श्रुतिका धावत आली. तिला फार अपराधी वाटत होतं. ठराव मागे घेता येईल, ती म्हणाली, पण मग मार्जिन पुन्हा उणे आणि छत्री जाणार.

बनुबाईंनी डोंगराच्या पायाशी असलेल्या आपल्या घराकडे बोट केलं.

"भोंगा वाजतो म्हून मी त्या घरात निजते गो," त्या म्हणाल्या. "टँकर येऊंदे. पानी ओतायला वढा हाय."

त्यांनी सही केली. सुशांतने दुथडी भरून वाहणाऱ्या ओढ्यात टँकर रिकामा केला आणि बनुबाईंकडे नाचणीची भाकरी खाऊन गेला.

तेव्हापासून टँकर दर मंगळवारी येतो. पहिले दोन मंगळवार सुशांतने पोलादपुराहून पाणी आणलं. आता तो खालच्या पुलाशी थांबून त्याच ओढ्यातून टँकर भरतो आणि वर आणून ओततो. डिझेल वाचतं, असं त्याचं म्हणणं.